एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर गाडीचे स्पीकर आणि सबवूफर : वायरिंगची सविस्तर पद्धत

चार चॅनेलचा, म्हणजे चार स्वतंत्र आउटपुटचा, एक अ‍ॅम्प्लिफायर, पुढच्या दारांत दोन स्पीकर आणि डिकीत एक सबवूफर, म्हणजे फक्त खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर, एवढी जोडणी लहान किंवा मध्यम गाडीला पुरून उरते. पहिले दोन चॅनेल दारांतल्या स्पीकरांना द्यायचे आणि उरलेले दोन ‘ब्रिज’ करून, म्हणजे एकत्र जोडून, सबवूफरला द्यायचे, एवढीच त्यामागची कल्पना आहे. मागच्या दारांतले स्पीकर स्टिरिओच्या स्वतःच्या ताकदीवर आहेत तसेच राहू द्यावेत. मागे बसलेल्यांना गाणे ऐकू यावे, यापलीकडे त्यांच्याकडून काही अपेक्षा नसते. चारही दारांना अ‍ॅम्प्लिफायर हवाच असेल, तर पाच चॅनेलचा घ्यावा. ब्रिजचा भाग सोडला, तर पुढचे सगळे त्यालाही लागू पडते.

काम एका रविवारात होते. मात्र शनिवारी संध्याकाळी कागद-पेन घेऊन हिशेब मांडल्याशिवाय रविवारी पाना हातात घेऊ नये, कारण या कामात जळणाऱ्या बहुतेक वस्तू चुकीच्या जोडणीपेक्षा चुकीच्या खरेदीमुळे जळतात.

कागदावरचा हिशेब

अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावरचा मोठ्या अक्षरांतला आकडा वाचूच नये. माहितीपत्रकात ‘आरएमएस’ (सलग देता येणारी शक्ती) असा उल्लेख असलेले वॉट शोधावेत आणि त्यांची खातरजमा अ‍ॅम्प्लिफायरवर बसवलेल्या फ्यूजवरून करावी. समजा, खोक्यावर ३००० वॉट छापले आहेत आणि फ्यूज ३० अँपिअरचा आहे. गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे फ्यूज न जाता आत जाऊ शकणारी शक्ती ४२० वॉटच्या आसपास. आत जेवढे जाते त्याहून जास्त बाहेर येत नाही; मग ते ३००० वॉट खोक्यावरच राहतात.

उदाहरणासाठी मी असा अ‍ॅम्प्लिफायर धरतो, जो ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) स्पीकरला प्रत्येक चॅनेलमागे ७५ वॉट आणि दोन चॅनेल ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या सबवूफरला २०० वॉट देतो. येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. ब्रिज केलेल्या जोडीवर ४ ओहमचा सबवूफर लावला की दोन्ही चॅनेल तो भार वाटून घेतात आणि प्रत्येकाला तो २ ओहमचाच भासतो. बहुतेक चार चॅनेलचे अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक चॅनेलमागे २ ओहमपर्यंतच सुरक्षित असतात, म्हणून त्यांच्या माहितीपत्रकात ब्रिजसाठी किमान ४ ओहम अशी अट असते. तेथे २ ओहमचा सबवूफर लावला, तर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला १ ओहम येतो. अ‍ॅम्प्लिफायर तापतो, बंद पडतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो आणि एके दिवशी सुरू होत नाही.

सबवूफर घेताना त्यामुळे व्यासाइतकेच ओहमकडे लक्ष द्यावे. एका कॉइलचा (पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) असेल, तर ४ ओहमचा घ्यावा. दोन कॉइलचा असेल, तर प्रत्येक कॉइल २ ओहमची असलेला घेऊन दोन्ही कॉइल एकामागून एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडाव्यात : पहिल्या कॉइलचा धन अ‍ॅम्प्लिफायरच्या धनाला, पहिल्या कॉइलचा ऋण दुसऱ्या कॉइलच्या धनाला आणि दुसऱ्या कॉइलचा ऋण अ‍ॅम्प्लिफायरच्या ऋणाला. बेरीज ४ ओहम होते. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल असलेला सबवूफर या कामाला अडचणीचा ठरतो, कारण समांतर जोडला तर २ ओहम होतो, जे चालत नाही, आणि सिरीजमध्ये जोडला तर ८ ओहम होतो, ज्यात शक्ती निम्म्याच्या आसपास उतरते. स्वस्तात मिळाला म्हणून नेमका हाच घेऊन आलेले दोन मित्र माझ्या माहितीत आहेत. जोडणीनंतर मल्टिमीटरने ओहम मोजून पाहावेत. ४ ओहमचा सबवूफर मीटरवर ३.२ ते ३.६ च्या दरम्यान दिसतो, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. तेवढा फरक म्हणजे दोष नव्हे.

आता करंट. दोन्ही स्पीकर आणि सबवूफर मिळून ३५० वॉट होतात. क्लास-डी जातीचा अ‍ॅम्प्लिफायर साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर १३.८ व्होल्टला तो जास्तीत जास्त ३२ अँपिअर घेईल. क्लास-एबीचा ६० टक्क्यांच्या हिशेबाने ४२ अँपिअर. प्रत्यक्ष गाण्यात सरासरी याच्या कितीतरी खाली असते, पण वायर आणि फ्यूज जास्तीत जास्त करंटसाठीच निवडायचे असतात.

सामान

पुण्यात या कामासाठी तीन फेऱ्या होतात. आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल नेणारी), स्पीकरची वायर, हीट-श्रिंक नळ्या (तापवल्यावर आवळणाऱ्या) आणि मल्टिमीटर यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. गाडीचे कपलर (वायर जोडणारे सॉकेट) आणि फ्यूज होल्डर यांसाठी नाना पेठ. लग (वायरच्या टोकाला बसवायची कडी), रबरी ग्रोमेट (भोकाच्या काठाला बसणारे रबर), नट-बोल्ट आणि पत्रा घासायच्या वस्तू रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. दुचाकीवरून गेलेले बरे, हे पुणेकरांना सांगायला नको.

बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर छोट्या गाडीत सुमारे ५ मीटर लागते. वर काढलेल्या सुमारे ४० अँपिअरसाठी ४ गेजची (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड), म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर घेतल्यास वाटेत ०.१६ व्होल्ट पडतात. ८ गेजची घेतल्यास ०.४ व्होल्टपेक्षा थोडे जास्त. दोन्ही चालतील असे वाटते, पण अडचण वेगळीच आहे. बाजारातल्या पुष्कळशा तयार किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असते, जी तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश वीज वाहते. शिवाय इन्सुलेशन जाड ठेवून आतली तार बारीक केलेली असते. मी एकदा दुकानात विचारले, “पूर्ण कॉपर आहे ना?” उत्तर मिळाले, “कॉपरच दिसतंय की, साहेब.” दिसते खरेच. एक तार बाजूला काढून ब्लेडने खरवडावी. आत पांढरट दिसली, तर ती मुलाम्याची. तशीच घ्यावी लागली, तर एक माप जाड घ्यावी. माझा सल्ला ४ गेज तांब्याचा आहे.

स्पीकर आणि सबवूफरसाठी अनुक्रमे १६ आणि १२ गेजची वायर पुरते. सबवूफरचा डबा तयार मिळतो. स्वतः करायचा असल्यास १८ मिलिमीटरचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) टिंबर मार्केटमधून कापून आणावा आणि सर्व कडांना, विशेषतः कापलेल्या कडांना, रंगाचा जाड हात द्यावा. पावसाळ्यात उघडा एमडीएफ फुगतो.

बॅटरीपासून डिकीपर्यंत

सर्वप्रथम बॅटरीचा ऋण टोक दहा नंबरच्या पान्याने सोडवावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पिवळ्या आवरणातली किंवा पिवळ्या कपलरची कोणतीही वायर एअरबॅगची समजून तिला हात लावू नये; दाराच्या उंबऱ्याखाली आणि खांबांमध्ये त्या हमखास असतात. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल, तर नारिंगी आवरणाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या वाटेने आपली वायर न्यायचीच नाही आणि अशा गाडीत वीज घेण्याचे काम माहीतगार माणसावर सोपवावे.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात गाडीचे स्वतःचे वायरिंग जिथून आत येते तेथे मोठा रबरी ग्रोमेट असतो. त्याच्या कडेला लहान छेद देऊन वायर आत घेता येते. नवे भोक पाडावेच लागले, तर पलीकडे काय आहे ते आधी पाहावे आणि भोकात ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओढू नये. उघड्या पत्र्याची धार सहा महिन्यांच्या स्पीडब्रेकरांत इन्सुलेशन कापते, आणि तेथून पुढे वायर आणि बॉडी यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

म्हणूनच मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, जितका जवळ तितका चांगला. अ‍ॅम्प्लिफायरवर फ्यूज आहे, मग हा कशाला, असे पुष्कळांना वाटते. अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायरला, म्हणजे पर्यायाने गाडीला वाचवतो. मध्ये कुठे वायर बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि तो सगळा करंट अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचतच नाही. अ‍ॅम्प्लिफायरवर २५ अँपिअरचे दोन फ्यूज असतील, तर मुख्य फ्यूज ५० किंवा ६० अँपिअरचा ठेवावा. सर्व काम संपेपर्यंत तो होल्डरमध्ये घालू नये, खिशात ठेवावा.

वायर चालकाच्या बाजूच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे न्यावी आणि इंजिनजवळच्या भागात तिला नागमोडी प्लॅस्टिकच्या नळीत घालून केबल-टायने बांधावे. पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून ती दूर आहे याची हाताने चाचपून खात्री करावी.

अर्थिंग

अर्थिंग म्हणजे ऋण वायर गाडीच्या बॉडीला जोडणे. या विभागावर मी मुद्दाम थांबतो, कारण माझी स्वतःची पहिली जोडणी येथेच फसली होती. ती मी एका दुकानातून करून घेतली होती. गाडी उभी असताना आवाज सुरेख. पण कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की स्पीकरमधून बारीक शिट्टी निघे आणि इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढत-उतरत जाई. आरसीए केबल बदलल्या, स्टिरिओ बदलावा असेही सुचवले गेले. शेवटी एका दुपारी डिकीतले कार्पेट उचलले, तेव्हा अर्थची वायर दिसली : एका पत्र्याच्या स्क्रूखाली चेपलेली, आणि स्क्रूच्या डोक्याभोवती कंपनीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत. सगळा करंट स्क्रूच्या दोन-तीन आट्यांतून जात होता.

मल्टिमीटरचे एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरे लांब वायरने बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून, गाणे मोठ्याने लावून मी व्होल्ट मोजले, आकडा ०.९ पर्यंत उड्या मारत होता. चांगल्या अर्थमध्ये तो ०.१ च्या आत राहायला हवा. जागा बदलून, रंग काढून, बोल्टने आवळल्यावर शिट्टी गेली आणि बास थोडा घट्ट झाला तो वेगळाच.

पद्धत अशी : अ‍ॅम्प्लिफायरपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बॉडीचा जाड, वेल्ड केलेला भाग निवडावा. सीट-बेल्टचा बोल्ट वापरू नये. तो जिवाशी निगडित आहे आणि त्याचे आवळणे ठरलेल्या मापाचे असते. एका रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळातला रंग पॉलिश-पेपरने घासून काढावा. आधी रंग, मग करडा प्राइमर आणि त्याखाली पांढरा चमकता पत्रा दिसतो. करड्यावर थांबू नये, कारण प्राइमरही वीज अडवतो. अर्थची वायर मुख्य वायरइतकीच जाड असावी, तिला तांब्याचा लग क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, दातेरी वॉशर घालून नट-बोल्टने आवळावे आणि वरून रंगाचा किंवा ग्रीसचा हात द्यावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा पत्रा एका हंगामात गंजतो. पुष्कळ नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीत अर्थ थेट त्या टोकाला न जोडता बॉडीलाच जोडावा.

सिग्नल आणि रिमोट

बाजारातून घेतलेल्या स्टिरिओला मागे आरसीए असतात. पुढचा जोड चॅनेल १ आणि २ ला, सबवूफरचा जोड ३ आणि ४ ला द्यावा. सबवूफरसाठी एकच आरसीए असेल, तर ‘वाय’ आकाराची केबल लावून ३ आणि ४ दोघांनाही सिग्नल द्यावा, कारण अनेक अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज असतानाही दोन्ही बाजूंचा सिग्नल मागतात. या केबल पॉवरच्या वायरच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे डावीकडच्या उंबऱ्यातून न्याव्यात. दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील, तर काटकोनात ओलांडाव्यात.

गाडीसोबत आलेल्या टचस्क्रीनला बहुधा आरसीए नसतात. तेथे स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घ्यावा लागतो. अ‍ॅम्प्लिफायरला हाय-लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरवरचा सिग्नल घेणारी जागा, असेल तर थेट, नसेल तर मध्ये कन्व्हर्टर बसवून. अशा स्टिरिओत स्पीकरची ऋण वायर बॉडीला जोडलेली नसते, दोन्ही वायरींत सिग्नल असतो. म्हणून ती चुकूनही अर्थला लावू नये. कंपनीचे वायरिंग न कापता नाना पेठेत मिळणारा गाडीच्या मॉडेलचा कपलर मध्ये घालावा. वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना सगळे काढून घेता येते.

अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करणारी रिमोटची वायर बाहेरच्या स्टिरिओत निळी, पांढऱ्या पट्ट्याची असते. टचस्क्रीनला ती नसेल, तर फ्यूज-बॉक्समधल्या चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या जागेवरून लहान फ्यूज लावून घ्यावी. कायम चालू असलेल्या जागी जोडली, तर चार दिवस बंद ठेवलेली गाडी सुरू होत नाही. लहान पेट्रोल गाड्यांत ३५ अँपिअर-तासांचीच बॅटरी सर्रास असते.

स्पीकर आणि सबवूफर जोडणे

अ‍ॅम्प्लिफायरपासून दारापर्यंत नवी वायर ओढण्याचा आग्रह मी धरत नाही. ७५ वॉटला ४ ओहममधून साडेचार अँपिअरही जात नाहीत, त्यामुळे दारातली कंपनीची वायर चालते. १६ गेजची वायर डॅशबोर्डच्या मागे आणून तेथल्या कपलरवर पुढच्या स्पीकरांच्या वायरना जोडावी. मात्र त्या स्टिरिओच्या आउटपुटपासून आधी वेगळ्या केल्या पाहिजेत, अन्यथा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्टिरिओ एकमेकांवर शक्ती ढकलतील आणि दोहोंपैकी एक जाईल. 

दाराचे पॅनल उघडल्यावर आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद दिसतो. तो फाडू नये आणि काम झाल्यावर पुन्हा नीट चिकटवावा. काचेवरून आत उतरलेले पाणी तो दाराच्या तळाकडे वळवतो. तो नसेल, तर जूनमध्ये पायाखालची मॅट ओली होते आणि कारण सापडत नाही. 

धन-ऋण तपासायला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा; सेलचा धन स्पीकरच्या धनाला असेल, तर पडदा बाहेर येतो. दोन्ही स्पीकर सारखेच हलले पाहिजेत. सबवूफरच्या वायर मात्र अ‍ॅम्प्लिफायरवर ‘ब्रिज’ अशी खूण असलेल्या दोनच टर्मिनलना जोडाव्यात : बहुधा चॅनेल ३ चा धन आणि चॅनेल ४ चा ऋण. अंदाजाने जोडू नये, छापलेली खूण पाहावी.

सुरू करणे, फिल्टर आणि गेन

गेनचे सर्व स्क्रू शून्यावर आणून, ऋण टोक लावून, मग खिशातला फ्यूज बसवावा. वास किंवा ठिणगी आली, तर लगेच काढावा. सर्व ठीक असेल, तर स्पीकर आणि सबवूफर टर्मिनलवरून तात्पुरते सोडवावेत, फिल्टर आणि बास-बूस्ट बंद करावेत, स्टिरिओचा टोन सपाट ठेवावा आणि आवाज कमाल मापाच्या तीन-चतुर्थांशावर न्यावा. गेन हे आवाज वाढवायचे बटण नाही. स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प्लिफायरची क्षमता यांची गाठ घालून देण्यासाठी ते असते. वॉटला ओहमने गुणून वर्गमूळ काढले की अपेक्षित व्होल्ट मिळतात : ७५ वॉट आणि ४ ओहमला १७.३ व्होल्ट, २०० वॉट आणि ४ ओहमला २८.३ व्होल्ट. सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा आणि स्पीकरसाठी ४०० हर्ट्झचा टेस्ट-टोन वाजवून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून, तो आकडा येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवावा. स्पीकरसाठी १००० हर्ट्झचा टोन सुचवला जातो, पण स्वस्त मीटर त्या वारंवारितेला चुकीचे आकडे दाखवतात. स्पीकर किंवा सबवूफर स्वतः कमी वॉटचा असेल, तर त्याचेच वॉट हिशेबात धरावेत.

मग स्पीकर जोडून चॅनेल १-२ चा हाय-पास (खोल स्वर अडवणारा फिल्टर) आणि ३-४ चा लो-पास (फक्त खोल स्वर जाऊ देणारा), दोन्ही ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावेत. दारातल्या स्पीकरवरचा खोल बासचा भार गेला की त्याच स्पीकरमध्ये गायकाचा आवाज किती सुटा होतो, ते ऐकण्यासारखे आहे. शेवटी ढोलकी किंवा तबला स्पष्ट असलेले गाणे लावून सबवूफरचा फेज (पडद्याची हालचाल उलटी करणारे बटण) ० आणि १८० असा बदलून पाहावा. चालकाच्या जागी बसून ज्या स्थितीत डग्गा भरीव लागतो, ती ठेवावी.

इंजिन सुरू केल्यावर शिट्टी आलीच, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या आरसीए उपसून पाहाव्यात. तरीही राहिली, तर अर्थ किंवा पॉवरकडे दोष आहे. गेली, तर केबलच्या मार्गाकडे किंवा स्टिरिओच्या अर्थकडे. महिनाभर गाडी चालल्यावर बॅटरीचे, अर्थचे आणि अ‍ॅम्प्लिफायरचे सर्व टर्मिनल पुन्हा एकदा आवळावेत. दाबली गेलेली तांब्याची तार बसते, आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक स्क्रूला पाव वेढा तरी मिळतोच.